निवृत्तीनंतरचा पॅसेज: लिस्टिंगपासून रिफंडपर्यंत

सहार विमानतळावर चेक-इन काउंटरच्या पलीकडे मी अठ्ठावीस वर्षं उभी होते. फ्लाइट बंद व्हायला पाच मिनिटं उरलेली, हातात स्टाफ पॅसेंजरांची यादी, समोर सात चेहरे आणि विमानात सीटा तीन. बोर्डिंग पास कोणाला द्यायचा हे नियमाने ठरतं, पण उरलेल्या चौघांना "पुढच्या फ्लाइटला बघू या" हे माणसालाच सांगावं लागतं. त्या सात जणांत एखादं निवृत्त जोडपं असलं की मला लांबूनच कळायचं. दोन मोठ्या बॅगा, लेकीसाठी आंब्याची पेटी, आणि "आपलं तिकीट आहे" हा पक्का विश्वास.

आता मी काउंटरच्या अलीकडे उभी राहते. ठाण्यात नौपाडा, कोपरी, घोडबंदर आणि खाडीपलीकडे ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर इथे आमच्यासारखे विमान कंपन्यांतले निवृत्त खूप आहेत. त्यातल्या कितीतरी जणांनी एक-दोनदा विमानतळावरून परत यावं लागल्यावर पॅसेज, म्हणजे कंपनीकडून मिळणारा सवलतीचा विमानप्रवास, वापरणंच सोडून दिलं. आयुष्यभराच्या शिफ्ट ड्यूटीनं मिळवलेली सोय अशी वाया जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून पहिल्या कागदापासून शेवटच्या रिफंडपर्यंत काय करायचं ते सविस्तर सांगते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. आपलं सबलो तिकीट म्हणजे सब्जेक्ट टू लोड: भाडं भरणारे सगळे बसल्यावर सीट रिकामी राहिली तर ती आपली. पुढची सगळी तयारी या एका वाक्यातून निघते.

तुमचा हक्क नेमका किती, ते आजच्या परिपत्रकात बघा

ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते, आधी १९७२च्या कायद्याने आणि नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने. भविष्य निर्वाह निधीलाही कायद्याचा आधार आहे. पॅसेजला तसा कायदा नाही. तो कंपनीच्या धोरणावर आणि फार तर सेवाशर्तींवर उभा असतो. कंपनी बदलली की तो बदलतो, आणि कंपनी बंद पडली की संपतो. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेटची १७ एप्रिल २०१९ला. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे गेली, आणि १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा तिच्यात विलीन झाली. निवृत्त होताना मिळालेली पुस्तिका कपाटात जपून ठेवली असेल तर ती आठवण म्हणून ठेवा. प्रवास ठरवायचा तो आज लागू असलेल्या नियमांवर.

परिपत्रक मिळालं की ते पेन्सिल घेऊन वाचा. वर्षाला किती तिकिटं, ती जानेवारीपासून मोजतात की एप्रिलपासून, उरलेली पुढच्या वर्षात जातात का. एका तिकिटात जाणं-येणं धरतात की दोन वेगळी मोजतात. जोडीदाराशिवाय आणखी कोणाला चालतं: अविवाहित मुलगा-मुलगी कोणत्या वयापर्यंत, आई-वडील, सासू-सासरे. तुमच्या कंपनीच्या भगिनी कंपनीच्या विमानात चालतं का. कोणत्या तारखांना बंदी आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीत बऱ्याच कंपन्या निवृत्तांचा पॅसेज रोखून धरतात. आणि कोणी सहसा विचारत नाही तो प्रश्न: कर्मचारी गेल्यावर पत्नीला किंवा पतीला ही सोय किती वर्षं आणि कोणत्या अर्जावर मिळते.

वैद्यकीय सोय आणि पॅसेज या दोन गोष्टी एक समजू नका. एअर इंडियाच्या निवृत्तांची वैद्यकीय व्यवस्था खासगीकरणानंतर सरकारने सीजीएचएसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेकडे, नेली; तिथलं कार्ड, तिथले अर्ज वेगळे. सीजीएचएसचं कार्ड झालं म्हणजे पॅसेजच्या पोर्टलवरची माहितीही आपोआप सुधारली असं होत नाही.

कागद, नावं आणि मोबाइल नंबर

या भागासाठी एक अख्खी दुपार काढा. काउंटरवर जितके निवृत्त लोडमुळे, म्हणजे विमान भरल्यामुळे, राहतात, त्यांच्या खालोखाल मी नावाच्या घोळामुळे राहिलेले पाहिलेत.

आमच्या बॅचमधले एक सहकारी अचानक गेले. वहिनी कळव्याला राहतात, मुलगी बेंगळुरूला. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी मुलीकडे जायचं ठरवलं आणि मला फोन केला. मी गेले तेव्हा त्यांनी निळी प्लास्टिकची फाइल समोर ठेवली. आत यजमानांचं निवृत्त कर्मचाऱ्याचं ओळखपत्र, त्यावरचा त्यांचा मिशीवाला जुना फोटो, सेवा प्रमाणपत्र, एका रबरबँडमध्ये बांधलेले जुने बोर्डिंग पास. सगळं जिथल्या तिथे होतं. पण पोर्टलचं लॉगिन त्यांच्या मोबाइल नंबरवर होतं, आणि रिचार्ज न झाल्यानं तो नंबर कधीच बंद पडला होता. ओटीपी यायला जागाच नव्हती. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी हवा, आणि नंबर बदलायचा तर आधी लॉगिन व्हायला हवं. कंपनीत ईमेल पाठवला की उत्तर यायचं, "कृपया पोर्टलवरून अर्ज करा."

ते सुटायला साडेतीन महिने लागले. मृत्यू दाखला होता, पण विवाह नोंदणीचा दाखला नव्हता, कारण त्या काळात कार्यालयात लग्न लागलं, फोटो निघाले, नोंदणीला कोण जातो? महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात उशिरा का होईना नोंदणी करता येते, पण त्यासाठी पती-पत्नी दोघं लागतात. इथे एक जण राहिलेच नव्हते. शेवटी सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या नोंदीची प्रत आणि वहिनींच्या पासपोर्टवर पती म्हणून छापलेलं नाव, या दोन कागदांवर काम झालं.

म्हणून दोघंही हयात आणि हिंडतेफिरते आहात तोवर एवढं करा. विवाह नोंदणी नसेल तर करून घ्या. पोर्टलवर स्वतःच्या नंबरासोबत जोडीदाराचा किंवा मुलाचा पर्यायी नंबर आणि ईमेल टाका. पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही कुठे आहे ते घरात सांगा. कंपनीच्या नोंदीत जोडीदाराचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का ते बघा. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, आणि १९८८ साली भरलेल्या कंपनीच्या फॉर्मवर तिसरं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं 'ए' जास्त असलं तरी लिस्टिंग, म्हणजे त्या फ्लाइटच्या स्टाफ यादीतली नोंद, एका नावावर आणि ओळखपत्र दुसऱ्या नावावर होतं, आणि गेटवर सीआयएसएफचा जवान अडवतो. त्याचं चुकत नाही, त्याला नाव जुळवायचंच काम दिलेलं आहे. नाव मुळातच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि त्याची प्रत फाइलमध्ये ठेवा.

ओळखपत्राची मुदतही बघा. काही कंपन्या निवृत्तांचं कार्ड ठरावीक वर्षांनी नव्याने देतात आणि जुनं कार्ड काउंटरवर चालत नाही.

कोणतं तिकीट घ्यायचं

जुन्यांना ही भाषा पाठ आहे, पण जोडीदारासाठी आणि मुलांसाठी सांगते, कारण हल्ली पोर्टलवर तिकीट मुलंच काढून देतात.

आयडी म्हणजे इंडस्ट्री डिस्काउंट. आयडी ९० म्हणजे मूळ भाड्यावर ९० टक्के सूट, आयडी ७५, आयडी ५० तसंच. पुढे आर वन असेल तर सीट आरक्षित करता येते, आर टू असेल तर सबलो. आयडी ५० आर वन आणि आयडी ९० आर टू यांत स्वस्त कोणतं हे सगळ्यांना दिसतं. पोचवणारं कोणतं ते त्या शेवटच्या आकड्यावरून कळतं.

सूट फक्त मूळ भाड्यावर असते. विमानतळ शुल्क, कर, सुरक्षा शुल्क पूर्ण भरावं लागतं. समजा मूळ भाडं ६,००० रुपये आणि कर-शुल्क १,२०० रुपये. आयडी ९० चं तिकीट ६०० अधिक १,२०० म्हणजे १,८०० रुपयांना पडलं. त्याच दिवशी बाजारात सेलमध्ये पक्कं तिकीट ३,००० रुपयांना मिळत असेल तर फरक राहिला १,२०० रुपयांचा, आणि ठाण्याहून विमानतळावर रिकामा हेलपाटा झाला तर टॅक्सीतच तो संपतो. साठीच्या पुढच्यांना काही विमान कंपन्या मूळ भाड्यावर ज्येष्ठ नागरिक सवलत देतात, तीही त्याच वेळी तपासा. देशातल्या छोट्या प्रवासाला मी हल्ली दर वेळी आधी बाजारभाव बघते. पॅसेजची खरी किंमत लांबच्या प्रवासात आणि आयत्या वेळी निघायचं असतं तेव्हा कळते, कारण तेव्हा बाजारातलं तिकीट कडाडलेलं असतं.

दुसऱ्या कंपनीच्या विमानात जायचं तर झेड भाडं. झोनल एम्प्लॉई डिस्काउंट. यात भाडं अंतराच्या टप्प्यांवर ठरलेलं असतं, आणि लो, मीडियम, हाय अशा तीन पातळ्यांपैकी कोणती लागू होईल ते दोन कंपन्यांमधल्या करारावर असतं. निवृत्तांना त्यात घेतलंय की नाही, हेही करारागणिक बदलतं. मायआयडीट्रॅव्हलसारख्या प्रणालीवर तुमच्या लॉगिनला जी विमान कंपनी दिसते तीच तुम्हाला खुली, असं समजा. तिकीट आपल्याच कंपनीकडून निघतं, रिफंडही आपल्याच कंपनीकडून मिळतो, जरी विमान दुसऱ्याचं असलं तरी.

जाणं-येणं एकाच तिकिटात न काढता दोन वेगळी एकेरी तिकिटं काढा. एक बाजू अडली तर दुसरीचा घोळ होत नाही, आणि न वापरलेल्या तिकिटाचा रिफंड सोपा जातो.

तिकीट काढणं आणि लिस्टिंग करणं ही दोन कामं आहेत. तिकिटाचा तेरा आकडी नंबर असतो; पहिले तीन आकडे कंपनीचे, एअर इंडियाचे ०९८. लिस्टिंगचा सहा अक्षरी पीएनआर असतो. तिकीट हातात आहे पण त्या फ्लाइटच्या यादीत नावच नाही, असे लोक मी दर आठवड्याला पाहिलेत. दोन्ही नंबर कागदावर छापून न्या. व्हीलचेअर हवी असेल तर तीही लिस्टिंग करतानाच सांगा: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, त्याला डब्ल्यूसीएचआर म्हणतात, जिनाही चढता येत नसेल तर डब्ल्यूसीएचएस, सीटपर्यंत धरून न्यावं लागत असेल तर डब्ल्यूसीएचसी. सहारचं टी टू लांबलचक आहे, यात संकोच करू नका.

लोड वाचायला शिका

बहुतेक जण पोर्टलवर "८ सीटा उपलब्ध" बघतात आणि बॅग भरतात. तो आकडा अर्धाच असतो. १८० सीटांच्या एअरबस ए३२० मध्ये १७२ बुकिंग झालंय म्हणजे आठ रिकाम्या. पण यादीत तुमच्या आधी किती स्टाफ आहे? ड्यूटीवर जाणारे वैमानिक आणि केबिन क्रू सगळ्यांत आधी बसतात. मग रजेवर निघालेले सेवेतले कर्मचारी. बऱ्याच कंपन्यांत निवृत्त त्यांच्या मागे, आणि दुसऱ्या कंपनीचे झेडवाले सगळ्यांत शेवटी. एकाच गटात दोघं आले तर कुठे नोकरीला लागल्याची तारीख बघतात, कुठे काउंटरवर आधी कोण पोचलं ते. समजा तुमच्या पुढे सहा जण आहेत आणि तुम्ही दोघं. आठ सीटा तिथेच भरल्या. शेवटच्या दिवसात चार तिकिटं विकली गेली की तुम्ही बाहेर. उलट पाच प्रवासी आलेच नाहीत तर तुम्ही आत.

लोड तीन वेळा बघा: आठ दिवस आधी, आदल्या रात्री आणि घरून निघताना. आकडा कुठे आहे त्यापेक्षा तो कसा सरकतोय ते महत्त्वाचं. आठ दिवसांत ४० वरून ३० वर आलेली फ्लाइट चांगली. एका रात्रीत ३० वरून ९ वर आली असेल तर कुठलीतरी फ्लाइट रद्द होऊन तिचे प्रवासी इथे वळवलेले असतात. पावसाळ्यात हे फार होतं. एक दिवस धावपट्टी तुंबली की पुढचे दोन दिवस स्टाफनं विमानतळाकडे फिरकू नये, हे मी घरच्यांनाही सांगते.

दिवसातली पहिली फ्लाइट धरा. पहाटेच्या फ्लाइटला न येणारे प्रवासी जास्त असतात, आणि ती सुटली तरी पुढे अख्खा दिवस हातात राहतो. संध्याकाळची शेवटची धरलीत आणि राहिलात तर रात्र बाकावर. दिल्लीला सोमवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ टाळा, कामावर जाणारे-येणारे सगळे त्याच वेळी असतात. मंगळवार, बुधवार, शनिवारची दुपार चांगली. वर्षाचा विचार केला तर जुलै ते सप्टेंबर देशातली विमानं त्यातल्या त्यात मोकळी असतात, गणपतीचे आणि पंधरा ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्टीचे दिवस सोडून. गणपतीत गोव्याची फ्लाइट धरून सावंतवाडी-मालवणला उतरायचा बेत पॅसेजवर कधीच करू नये. एरवी मात्र तो छान आहे. तेव्हा दाबोळी की मोपा हे नीट बघा. सावंतवाडीला मोपा जवळ.

सीट रिकामी दिसत असूनही स्टाफला घेत नाहीत असा एक प्रकार आहे आणि त्यावरून काउंटरवर फार भांडणं होतात. त्याला वजनाची मर्यादा म्हणतात. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, विमानाला वेळ जास्त लागतो, म्हणून इंधन जास्त भरावं लागतं. कमाल वजन ठरलेलं, मग कमी करायचं ते प्रवासी आणि सामान यांतून. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचा रस्ता लांबला, तिथेही हेच कारण. छोट्या एटीआर विमानात तर दोन-चार माणसांनी फरक पडतो. वीस सीटा रिकाम्या असून ड्यूटी मॅनेजर "नाही" म्हणाला तर तो लोडशीटवरून, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तक्त्यावरून, बोलतोय. त्याच्यापुढे वाद घालून काही मिळत नाही.

घरून निघताना

पॅसेजच्या प्रवासाला सामान म्हणजे सात किलोची एक केबिन बॅग. चेक-इन बॅग दिली आणि शेवटच्या क्षणी ऑफलोड झालात तर विमानाच्या पोटातून बॅग शोधून काढेपर्यंत पुढची फ्लाइट निघून जाते. औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे हातातच. डब्यात पोळी-भाजी घ्या. जेवण मोजून चढवलेलं असतं आणि स्टाफला उरलं तर मिळतं. मधुमेह असणाऱ्यांनी तर यावर अजिबात विसंबू नये. कपडे नीटनेटके: चप्पल, हाफ पँट, फाटकी जीन्स यावरून आजही अडवतात.

ठाण्याहून टी टूला सामान कमी असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो वनने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला ॲक्वा लाइन बदलून एकच स्टेशन. टी वनला जायचं तर त्याच गाडीने आणखी दोन स्टेशनं. पहाटेच्या फ्लाइटला मात्र मेट्रो उपयोगाची नाही, तेव्हा पूर्व द्रुतगती मार्गाने टॅक्सी. कोणतं टर्मिनल आहे ते तिकिटावर प्रत्येक वेळी वाचा, सवयीने जाऊ नका.

नवी मुंबईकरांना आता एक नवीन प्रश्न आहे. उलव्याचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. नेरूळ, सीवूड्स, खारघरवाल्यांना तो दाराशी आहे, आणि पक्क्या तिकिटावर तिथूनच जाणं शहाणपणाचं. सबलोला मात्र आधी बघा, त्या विमानतळावरून तुमच्या गावाला दिवसात किती फ्लाइट आहेत. एकच असेल आणि ती चुकली तर पुढची सहारहून, म्हणजे पुन्हा खाडी ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला. लिस्टिंगही एका विमानतळावरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, नव्याने करावी लागते. ज्या विमानतळावरून दिवसाला चार-पाच फ्लाइट आहेत तो लांब असला तरी स्टाफसाठी जवळचा. उरण मार्गावरची लोकल हार्बरसारखी पाच-दहा मिनिटांनी येत नाही, वेळापत्रक बघून निघा.

काउंटरवरचे दोन तास

लवकर पोचा, नाव सांगा, ओळखपत्र आणि दोन्ही नंबर दाखवा, आणि विचारा, "यादी कधी उघडणार?" एवढंच. मग काउंटर दिसेल अशा जागी बसा. चहाला दोघं मिळून जाऊ नका. नाव पुकारल्यावर समोर माणूस नसला तर आम्ही पुढचं नाव घ्यायचो, कारण घड्याळ चालू असतं.

एक सीट असेल आणि तुम्ही दोघं असाल तर काय करायचं हे घरूनच ठरवून या. काउंटरवर त्यावर चर्चा करायला वेळ नसतो. मी आणि नवऱ्याने ठरवलंय, एकटं कोणी जायचं नाही. कोणी वेगळंही ठरवील, पण ठरवलेलं हवं. जी सीट मिळेल ती घ्या, मधली असो की शेवटच्या रांगेतली, शेजारी नसलो तरी चालेल. "जुनी स्टाफ आहे, बिझनेसमध्ये बघ ना" असं तरुण मुलीला म्हणू नका. तिच्या हातात ते नसतं आणि तिच्या मागे सुपरवायझर उभा असतो. भाडं भरलेल्या प्रवाशांसमोर स्टाफ तिकिटाची गोष्ट काढू नका. आणि पॅसेज कोणाला विकणं, नात्यात नसलेल्याला आपला म्हणून नेणं, यात सोय कायमची जाते. निवृत्तीनंतर ती परत मिळवायला कोणी दाद देत नाही.

नाव आलं नाही तर लगेच काउंटरवरूनच पुढच्या फ्लाइटवर नाव टाकायला सांगा, काही ठिकाणी ते आपोआप होतं, काही ठिकाणी नाही. परतीचा एक जमिनीवरचा रस्ता डोक्यात ठेवा. दिल्लीला अडकलात तर तत्काळचं एसी बुकिंग आदल्या दिवशी सकाळी १० वाजता उघडतं, आणि मध्य रेल्वेची राजधानी कल्याणला थांबते, ठाणेकराला ती घरच्यासारखी. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेवढा खर्च धरून चाला.

मुलं परदेशात असतील तर

जाताना अडकलात तर घर अर्ध्या तासावर आहे. खरा प्रश्न येतानाचा. म्हणून परतीसाठी व्हिसाच्या आणि विम्याच्या शेवटच्या तारखेच्या आधी निदान दहा दिवस मोकळे ठेवा. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. तो घेताना ठरलेल्या परतीच्या तारखेला संपणारा घेऊ नका, आठ-दहा दिवस पुढचा घ्या. विमान मिळालं नाही म्हणून झालेला हॉटेलचा खर्च प्रवास विम्यात सहसा मिळत नाही, कारण सबलो हा अपघात धरत नाहीत.

एका मार्गावर सीट मिळेना तर मुलं म्हणतात, दुसऱ्या देशामार्गे या. त्याआधी भारतीय पासपोर्टला त्या देशातून नुसतं जायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त असू द्या. काही देशांच्या इमिग्रेशनवर परतीचं पक्कं तिकीट विचारतात, तिथे सबलोचं तिकीट पुढे केलं तर प्रश्न वाढतात. अशा देशाला येतानाचं तिकीट सरळ बाजारातून पक्कं घ्यावं आणि जातानाच पॅसेज वापरावा. आम्ही दोघं आता असंच करतो.

आणि एका माणसाचं पूर्ण भाड्याचं एकेरी तिकीट निघेल एवढी मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड जवळ ठेवा. मुलांकडून घेऊ, हे मध्यरात्री परक्या विमानतळावर जमत नाही.

जिथे पॅसेज वापरू नये

भाचीच्या लग्नात तुम्ही मामा-मामी असाल, अंतरपाटामागे उभं राहायचं असेल, तर पक्कं तिकीट काढा. ऑपरेशनची तारीख असेल, कोर्टाची तारीख असेल, तेव्हाही. कोणी गेल्याची बातमी आली की सगळे पहिल्यांदा पॅसेज आठवतात. मी काउंटरवर असताना वडिलांच्या अंत्यदर्शनाला निघालेल्या एका सहकाऱ्याला सीट देऊ शकले नाही, तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्या वेळी पैशांचा विचार करू नका.

घरी आल्यावर

न वापरलेली लिस्टिंग त्याच दिवशी रद्द करा. नाव यादीत राहिलं आणि तुम्ही आला नाहीत तर काही कंपन्या ती फेरी वापरली असं धरतात. न वापरलेल्या तिकिटाचा रिफंड मुदतीच्या आत मागा. झेड तिकिटं साधारण तीन महिने चालतात, आणि रिफंडची मुदत गेली की करसुद्धा हाती लागत नाहीत.

वहिनी बेंगळुरूला जाऊन आल्या. पहिल्या फ्लाइटला राहिल्या, दुसरीला चढल्या. झेडचं एक जास्तीचं तिकीट आम्ही खबरदारी म्हणून काढलं होतं, ते वापरलंच नाही. आता लॉगिन त्यांच्या स्वतःच्या नंबरवर आहे, आणि त्या रिफंडचा अर्ज त्यांनी माझ्यासमोर मोबाइलवर स्वतः भरला. निळ्या फाइलमध्ये यजमानांच्या कार्डामागे त्यांचं नवं कार्ड ठेवलं, आणि वहीत तिकीट नंबरासमोर तारीख लिहून "पैसे यायचे" असं पेन्सिलीने लिहिलं. बावीस दिवसांनी ते आले, तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं की आज ती ओळ खोडली.